मांगरातलं इंजिनकाम

२०२३ साली आमच्या खात्यात एक फाईल फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवायची नाही, असा केंद्राचा नियम आला होता. आमच्या खात्याची एक जीप त्यात सापडली. तिला भंगारात काढण्याची टिपणी मी लिहायची होती. ठरलेला साचा, चार ओळी, खाली सही. लिहून टाकली. संध्याकाळी घरी जाताना तिचा ड्रायव्हर जिन्यात भेटला. म्हणाला, "इंजीन अजून बरें आसा, बाब."

त्याला काय उत्तर देणार? पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण आमच्याही घरी डिचोलीकडच्या गावात, मांगरात, एक जुनी गाडी उभी आहे. बाबांची जीपची पिकअप. नंबर अजून 'जीडी'ने सुरू होणारा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. तिचं इंजिन बरं आहे की नाही हे सांगायला आता बाबा नाहीत.

त्या निमित्ताने एक प्रश्न पडला. आपल्या लहानपणी लोक गाडीचं अख्खं इंजिन घरच्या अंगणात, मांगरात, आंब्याच्या झाडाखाली उतरवून पुन्हा बांधत. आज हे कोणी करत नाही, करूही शकत नाही. मग तेव्हा ते कसं जमत होतं? गरिबी होती म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. मला वाटतं ते अर्धंच उत्तर आहे.

पावसाळा म्हणजे इंजिनकाम

आधी आमच्या मांगरातली गोष्ट सांगतो. साल १९९२. मी शाळेत होतो. बाबांची पिकअप खाणींवर जायची. ट्रकांचे टायर, सुटे भाग, ऑइलचे डबे, कधी कामगारांसाठी तांदूळ. पाऊस लागला की खनिजाची वाहतूक बंद, म्हणून पिकअपलाही सुट्टी. गाडी ऑइल खाऊ लागली होती, मागून निळा धूर यायचा आणि चोर्ला घाट चढताना दम लागायचा. बाबांनी निकाल दिला, "यंदा इंजिनकाम काढायचं."

मांगराच्या तुळईला चेन ब्लॉक बांधला. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला. प्रत्येक वायरीला सुतळीने चिठ्ठी बांधायचं काम माझं. बोल्ट आणि नट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर खडूने नाव. आईने महिन्याचं रेशनचं रॉकेल जपून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं भाग धुवायला गेलं. ती त्यावर काय बोलली ते इथे लिहीत नाही!

कामाला एक ख्रिस्ती कारागीर यायचे. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना मेस्त म्हणत. मेस्त हा पोर्तुगीज 'मेस्त्र'चा आपला अवतार. सहज गंमत म्हणून सांगतो, त्या मांगरातलं सामान बघा. भाग धुवायचं घमेलं, पाण्याचं पिंप, बादली, गाडीची चावी. हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. गाडी अमेरिकन जातीची, बनलेली मुंबईला आणि तिची दुरुस्ती असल्या शब्दांत.

मेस्तांना त्या दिवशी यायला उशीर झाला. काका म्हणाले, हेड तेवढं काढून ठेवूया. काकांनी पूर्वी लष्करातून लिलावात निघालेल्या एका जीपवर काम केलं होतं, तेव्हा आत्मविश्वास भरपूर. दिसणारे सगळे बोल्ट काढले. हेड हलेना. गॅस्केट चिकटलं असेल म्हणून त्यांनी फटीत मोठा स्क्रूड्रायव्हर घालून हातोडी मारली. एक कोपरा जरा उचलला, पण पुढे काही नाही. तेवढ्यात मेस्त आले आणि दारातूनच ओरडले.

मग त्यांनी शांतपणे कार्बोरेटर उतरवला. त्याच्या खाली हवा आत जाण्याच्या वाटेत खोल एक बोल्ट होता. "हो पळय, एक बोल्ट लिपून आसता," मेस्त म्हणाले. तो काढल्यावर हेड अलगद वर आलं. पण कोपऱ्यावर ओरखडा पडला होता. हेड लेथवर नेऊन फेसिंग करून घ्यावं लागलं. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

हा लपलेला बोल्ट मी विसरलो नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की तो तिथे का आहे याला एक इतिहास आहे.

शेतकऱ्यासाठी बनलेलं यंत्र

घरी उघडता येणाऱ्या इंजिनाची गोष्ट अमेरिकेत, हेन्री फोर्डच्या मॉडेल टी पासून धरायला हरकत नाही. ती गाडी १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत निघत राहिली. दीड कोटीच्या वर गाड्या बनल्या. तिच्या इंजिनाचे चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, सुटं निघत असे. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी बऱ्याच गाड्यांमध्ये सिलिंडर आणि हेड एकत्रच ओतलेले असत. आतला कार्बन खरवडायचा किंवा व्हॉल्व्ह घासायचे तर मोठा खटाटोप. फोर्डच्या गाडीत बोल्ट काढले की पिस्टनची डोकी समोर.

ही सोय कोणासाठी? गिऱ्हाईक मुख्यतः खेड्यातला शेतकरी. जवळ गॅरेज नाही, रस्ता चिखलाचा, पण नांगर, पंप आणि मळणीयंत्र दुरुस्त करायची सवय असलेला माणूस. गाडी बिघडली तर तो स्वतःच उघडणार हे गृहीत धरून गाडी बनली. लोक मागची सीट काढून घरीच फळ्यांचा हौदा बसवत. शेवटी एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा बसवलेली गाडी काढली, किंमत २८१ डॉलर. पिकअप हे नाव तेव्हापासून रूढ झालं. म्हणजे पिकअप ही गाडीच मुळात घरच्या दुरुस्तीच्या वळणातून आलेली.

युद्धाने लावलेली शिस्त

दुसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. विलिज कंपनीची गाडी निवडली जाण्यात तिच्या इंजिनाचा मोठा वाटा होता. बार्नी रूस नावाच्या अभियंत्याने कंपनीच्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनावर काम करून ते ६० अश्वशक्तीपर्यंत नेलं. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर, सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे हेड म्हणजे अक्षरशः एक जाड झाकण. सगळे बोल्ट डोळ्यांसमोर.

विलिजला एकटीला मागणी पुरी करता येईना, म्हणून तोच आराखडा फोर्डलाही दिला. दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप युद्धकाळात निघाल्या आणि एकीचे भाग दुसरीला बसत. लष्कराने दुरुस्तीचीही पायरीवार वाटणी केली. ड्रायव्हरने काय करायचं, तुकडीतल्या मेकॅनिकने काय, मागच्या डेपोत काय पाठवायचं. त्यासाठी चित्रांसकट पुस्तकं छापली. कालपर्यंत शेतात असलेल्या पोराला ती वाचून इंजिन कळावं अशा साध्या भाषेत. दुरुस्तीचं ज्ञान असं कागदावर उतरलं.

युद्ध संपल्यावर भारतात उरलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. काकांनी हाताळलेली जीप त्याच वंशातली. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४७ पासून त्यांनी विलिजच्या जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. आधी सुटे भाग आणून, मग हळूहळू भाग इथेच बनवून.

आणि इथे तो बोल्ट येतो. १९५० मध्ये विलिजने त्याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ती काढली, नाव हरिकेन. ताकद वाढवण्यासाठी आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३ च्या जीपचं बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडे अनेक वर्षं दिसलेली उंच कपाळाची जीप ती हीच. हवा आत नेणारी वाटही हेडमध्येच ओतली गेली आणि हेडचा एक बोल्ट नेमका त्या वाटेत, कार्बोरेटरखाली आला. काकांचा अनुभव जुन्या इंजिनाचा होता. तिथे सगळे बोल्ट उघडे होते. त्यांची चूक अज्ञानाची नव्हती हो, दहा वर्षं जुन्या ज्ञानाची होती.

गोव्यात काय झालं

पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. १९५० च्या दशकात जपानला लोहखनिज जाऊ लागलं आणि खाणीवरून नदीकाठच्या बार्जपर्यंत माल न्यायला ट्रक आले. ट्रकला आपले जुने लोक अजून 'कामियांव' म्हणतात. त्याच दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, १९५५ मध्ये रेल्वेचाही संबंध तुटला. पण मुरगाव बंदर उघडं होतं, त्यामुळे गाड्या आणि भाग समुद्रातून येत राहिले.

सीमेपलीकडे चित्र नेमकं उलट होतं. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडल्या होत्या, फोर्डचेही जोडणीचे कारखाने होते. पण स्वतंत्र भारताने तयार गाड्यांची आयात थांबवली आणि इथेच भाग बनवायला तयार असतील त्यांनाच परवानगी ठेवली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मागे मोजक्याच कंपन्या राहिल्या आणि त्यांच्या मोजक्याच गाड्या.

१९ डिसेंबर १९६१ नंतर आपणही त्याच व्यवस्थेत आलो. बंदरातून येणाऱ्या परदेशी गाड्यांचा ओघ आटला. दारात होत्या त्या गाड्या चालवायच्या, मिळतील ते भाग बसवायचे, नाही मिळाले तर लेथवर घडवायचे. मेस्तांची पिढी या काळात तयार झाली.

परवाना राजला आपण नावं ठेवतो आणि ती बरोबरच आहेत. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगलंय. पण त्या साचलेपणाचा एक परिणाम कोणी ठरवून केला नव्हता. गाड्या बदलतच नव्हत्या. हरिकेन इंजिन अमेरिकेतल्या जीपमधून १९७१ च्या सुमारास गेलं, आपल्याकडे ते त्यानंतरही चालत राहिलं. अँबॅसडर १९५८ च्या आसपास आली आणि २०१४ पर्यंत निघत होती. तरुणपणी एक इंजिन शिकलेल्या माणसाला म्हातारपणीही तेच समोर यायचं. गावोगाव मेस्त असणं, तालुक्याला लेथ असणं, दुकानात पिस्टन-रिंग मिळणं, हे सगळं त्यावर उभं होतं.

घरी काय, बाहेर काय

'घरी इंजिन बांधलं' असं म्हणताना थोडी बढाई असते, तीही कबूल करायला हवी. सगळं घरी कधीच होत नसे. पिस्टन काढल्यावर मेस्तांनी सिलिंडरच्या आत माझं बोट फिरवायला लावलं. वरच्या टोकाला नखाला एक कडा लागली. पिस्टनच्या रिंगा घासून घासून खालचा भाग झिजलेला, वरची पट्टी मूळ मापाची, मधली ती कडा. नखाला ठळक लागली म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही, बोअर करावं लागणार. याला गॅरेजच्या भाषेत फुल इंजिन म्हणायचं. ब्लॉक आणि क्रँक पोत्यात गुंडाळून म्हापशाला लेथवर गेले. बोअर वीस थाऊ मोठं झालं, म्हणजे इंचाचे हजारावे वीस भाग. क्रँकलाही घासून नवीन बेअरिंग आले. हे काम मांगरात होणं शक्यच नव्हतं.

घरी होत असे ते उघडणं, धुणं, तपासणं आणि बांधणं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासायचे, राखाडी गोल पट्टी सगळीकडे सारखी दिसेपर्यंत. कनेक्टिंग रॉडवर पंचाने खुणा करून जो जिथला तो तिथेच परत. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाब तिथून निसटतो. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क पाना नव्हता. मेस्त बोल्ट आवळताना डोळे मिटून घेत. लष्कराच्या पुस्तकात आकड्यांनी छापलेलं सगळं त्यांच्या मनगटात होतं. पुस्तक आमच्या मांगरात कधी आलं नाही.

पंधरा दिवसांनी इंजिन बसलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काका सगळ्यांच्या मागे उभे होते. पुढचे पाचशे मैल बाबांनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जात.

नंतर

१९९१ नंतर बाजार खुला झाला, चांगल्या गाड्या आल्या. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं. मुलांच्या फुप्फुसांसाठी आणि मेंदूसाठी ते व्हायलाच हवं होतं. पण जुन्या इंजिनांत ते शिसंच व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. मेस्त तेव्हा राहिले नव्हते. व्हॉल्व्ह बसत नाही, का बसत नाही, ते आम्हाला कोणी सांगेना.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. मधे काही काळ सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाले आणि मार्चपासून पुन्हा शांतता. आमच्या भागात रांगेने उभे असलेले ट्रक तुम्हीही पाहिले असतील. डोंगर आणि पाणी यांचं काय झालं होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे खाणींची बाजू घेणार नाही. पण त्या ट्रकांबरोबर पावसाळ्यातली इंजिनकामंही थांबली, आणि ती कामं बघत बघत शिकणारी मुलंही. बाबांची पिकअप २०१२ च्या पावसाळ्यात मांगरात गेली ती तिथेच आहे. बाबा २०१६ मध्ये गेले.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा लागू झालं. इंजिन संगणकावर चालतं, दोष कळायला स्कॅनर लागतो. धूर कमी झाला हे खरंच. पण बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि आपण ते परत बंद करतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोटारगाड्या तिच्या विषयांत होत्या, त्याच वर्षी त्याचं एक पोर्टलही निघालं. चांगली गोष्ट आहे. मात्र मला वाटतं हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावायला मेस्त लागतो, लेथ लागतं, आणि ज्याने गाडी बनवली त्याने ती कोणीतरी उघडणार हे आधी मान्य केलेलं असावं लागतं. आमच्या पिकअपला हे तिन्ही मिळालं होतं. फोर्डने शेतकऱ्याला धंद्यासाठी दिलं, लष्कराने युद्धासाठी, आणि आपल्या सरकारने टंचाईतून, नकळत. आपण फक्त त्याला घरचं काम म्हणत राहिलो.

असो. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. भाव वाईट नाही. खात्याच्या जीपची टिपणी मी दहा मिनिटांत लिहिली होती, ही काही लिहून होत नाही.

यंदा पाऊस लागल्यावर पुतण्या सुट्टीला आला. तो आयटीआयला आहे, नव्या गाड्यांचं शिकतो. त्याला म्हटलं, चल, हेड तरी काढून बघू. त्याने दिसणारे बोल्ट भराभर काढले आणि फटीत घालायला काहीतरी शोधू लागला. मी त्याचा हात धरला आणि कार्बोरेटर उतरवायला लावला. टॉर्च मारून आत दाखवलं. गंजलेला होता, पण होता.

गंज सुटायचं तेल ओतून ठेवलंय. रोज संध्याकाळी कामावरून आलो की थोडं थोडं टाकतो, पान्याने हलकेच हलवून बघतो. अजून सुटलेला नाही. चतुर्थीपर्यंत वेळ आहे.